इंटरमिजिएट मायक्रो: स्लट्स्कीपाशी गाडी अडलीय, धक्का मारा

काठावर_पास

नमस्कार मंडळी. मुंबई विद्यापीठात, कलिन्याला, एमए इकॉनॉमिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. बीएचे पेपर मराठीतून लिहिले. तिथे मायक्रो म्हणजे आकृती. समवृत्ती वक्र (सारखंच समाधान देणाऱ्या जोड्यांचा) काढायचा, अंदाजपत्रक रेषा (हातातल्या पैशांत काय काय परवडतं त्याची) त्याला टेकवायची, टेकते तिथे 'ई' लिहायचं आणि खाली पाठ केलेल्या सहा ओळी. मार्क मिळायचे, कोणाची तक्रार नव्हती.

आता आकृतीच्या जागी लॅग्रांज आलाय, म्हणजे ठरलेल्या पैशांत जास्तीत जास्त समाधान शोधायची गणिती रीत. डेरिव्हेटिव्ह काढायला सुट्टीत शिकून घेतलं, त्यामुळे उत्तर येतं. पण आलेलं उत्तर काय सांगतंय ते डोक्यात शिरत नाही. त्यात हे स्लट्स्की समीकरण. समोसा महागला, मी कमी खाल्ला. संपलं की! त्या एका घटीचे 'पर्यायता परिणाम' आणि 'उत्पन्न परिणाम' असे दोन तुकडे कशासाठी करायचे? आणि गिफेन वस्तू, म्हणे भाव वाढला की मागणी वाढते. अशी वस्तू कोणी पाहिलीय, की ती फक्त प्रश्नपत्रिकेतच सापडते?

वर्गातली अर्धी पोरं म्हणतात, हे सोड आणि रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी परीक्षेच्या तयारीला लाग. कुर्ल्याहून डोंबिवलीच्या गाडीत उभ्याने टाइप करतेय, चुका पोटात घाला.

बोरकूट

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या चिरंजीवांना याच पेपरात केटी आहे, म्हणजे विषय राहिलाय.

पंतोजी_निवृत्त

तुला 'तू' म्हणतो, चालेल ना? बरीच वर्षं हाच पेपर शिकवला आहे.

तुझा समोसाच घेऊ. महिन्याला कॅन्टीनसाठी ६०० रुपये. समोसा २० रुपये, चहा १०. उपयोगिता, म्हणजे समाधानाचं माप = समोसे × चहा. या फलनात (सूत्रात) माणूस निम्मे पैसे एकावर आणि निम्मे दुसऱ्यावर घालतो, हे लॅग्रांजने एकदा स्वतः काढून बघ. म्हणजे १५ समोसे, ३० चहा.

आता समोसा २५ चा झाला. निम्मे पैसे म्हणजे ३००, त्यात १२ समोसे. घट ३ ची. तू म्हणतेस, संपलं. मी म्हणतो, थांब. भाव वाढला तेव्हा तुझ्या बाबतीत एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या. चहाच्या तुलनेत समोसा महाग झाला ही एक, आणि तुझ्या ६०० रुपयांची ताकद कमी झाली ही दुसरी. यातली दुसरी आपण कागदावर रद्द करू. तुला इतके पैसे जास्त देऊ की जुने १५ समोसे आणि ३० चहा नव्या भावातही घेता यावेत. १५ × २५ अधिक ३० × १० = ६७५. म्हणजे ७५ रुपये भरपाई.

आता हातात ६७५ आहेत. जुनंच ताट पुन्हा घेशील? नाही. निम्मे म्हणजे ३३७.५०, भागिले २५, उत्तर १३.५ समोसे. पूर्ण भरपाई मिळूनही तू दीड समोसा सोडलास. हा पर्यायता परिणाम. मग ते ७५ रुपये काढून घेतले की १३.५ वरून १२ वर. हा उत्पन्न परिणाम. दीड आणि दीड. ते सारखे आले ते आकड्यांमुळे, नियम समजू नकोस.

आता तुझा 'कशासाठी'. पहिल्या तुकड्याची दिशा सिद्धांत छातीठोकपणे सांगतो. वस्तू महाग झाली आणि भरपाई दिली, तर तिची मागणी वाढणार नाही, माणूस कोणीही असो. दुसऱ्या तुकड्याबद्दल सिद्धांत काहीच बोलत नाही. उत्पन्न घटल्यावर समोसे कमी होतील की वाढतील, ते ज्याच्या त्याच्या आवडीवर. जे खात्रीने माहीत आहे ते एका बाजूला आणि जे बाजारात जाऊन बघावं लागेल ते दुसऱ्या बाजूला, एवढ्यासाठी हे तुकडे.

काठावर_पास

सर, हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सरकारने रॉकेल महाग केलं आणि तेवढेच पैसे खात्यात टाकले, तरी रॉकेल कमीच वापरलं जाईल?

पंतोजी_निवृत्त

बरोबर, निदान वाढणार तरी नाही. सबसिडी वस्तूत द्यायची की रोखीत, या वादाचं अर्धं तर्कशास्त्र इथेच आहे. उरलेलं अर्धं म्हणजे खात्यात पैसे वेळेवर येतात का. ते आपल्या पेपरात नाही.

निळी_शाई

पंतोजींच्या गणिताला एक जोड देते, कारण परीक्षेत इथेच गोची होते. त्यांनी केलेली भरपाई स्लट्स्कीची: जुनं ताट परवडलं पाहिजे. हिक्स या अर्थतज्ज्ञाची भरपाई वेगळी: जुनं समाधान मिळालं पाहिजे, ताट कुठलंही असो. जुनी उपयोगिता १५ × ३० = ४५०. नव्या भावात ४५० गाठायला कमीत कमी किती खर्च? उत्तर साधारण ६७०.८२ रुपये, आणि त्यात १३.४२ समोसे. म्हणजे स्लट्स्कीची भरपाई चार रुपयांनी उदार आहे. ६७५ मध्ये १३.५ समोसे आणि ३३.७५ चहा येतात, गुणाकार ४५५ च्या वर जातो. जुनं ताट परवडतंय पण माणूस ते घेत नाही, त्याहून बरं काहीतरी घेतो. भाववाढ जितकी लहान, तितका हा फरक पुसट होत जातो. डेरिव्हेटिव्हच्या भाषेत दोघे एकच. प्रश्न 'स्लट्स्कीप्रमाणे' आहे की 'हिक्सप्रमाणे' ते वाचूनच पेन उचला.

युजेन स्लट्स्कीने हे १९१५ साली एका इटालियन नियतकालिकात छापलं. पहिलं महायुद्ध चालू होतं, कोणी ढुंकून पाहिलं नाही. हिक्स आणि ॲलन या दोघांनी १९३४ मध्ये तेच स्वतंत्रपणे पुन्हा काढलं. नंतर स्लट्स्कीचा लेख सापडला तेव्हा हिक्सने श्रेय त्याला दिलं. माणूस सज्जन.

वाकडी_वाट

गिफेन बघायला लांब कशाला जायचं? कांदा! ८० रुपये झाला तरी दादर मार्केटात झुंबड. भाव वाढतो तशी लोकं पिशव्या भरतात.

निळी_शाई

वाकडी_वाट, हे दरवर्षी कोणीतरी पेपरात लिहितं आणि मार्क घालवतं. कांद्याची मागणी ताठर आहे. भाव दुप्पट झाला तर खरेदी थोडीच घटते, पण घटते. त्यामुळे बिल वाढतं आणि आरडाओरडा होतो. पिशव्या भरणारे उद्या आणखी महागेल या भीतीने भरतात. तो उद्याच्या अपेक्षित भावाचा परिणाम झाला. यात गिफेन कुठेच नाही.

गिफेनला तीन गोष्टी एकदम जुळून याव्या लागतात: घर गरीब, निम्मंअधिक पोट त्या एकाच धान्यावर, आणि ते धान्य असं की चार पैसे आले तर माणूस त्याच्याऐवजी दुसरं काही खाईल. त्याचा भाव वाढला की मटण, भाजी परवडेनाशी होते आणि पोट भरायला तेच धान्य जास्त घ्यावं लागतं. हे खरोखर मोजलं गेलंय. जेन्सन आणि मिलर या दोघांनी चीनच्या हुनान प्रांतात गरीब कुटुंबांना तांदळावर सवलत देऊन आणि काढून पाहिलं, २००८ मध्ये निबंध आला. सवलत दिली की तांदळाची खरेदी घटायची. गान्सू प्रांतात गव्हाबाबत पुरावा तितका भक्कम निघाला नाही. तेव्हा काठावर_पास, वस्तू आहे, पण मुंबईच्या बाजारात टोपली घेऊन शोधायला जाऊ नका.

वाकडी_वाट

बरं बाई, कांदा मागे घेतो. पण मूळ मुद्दा सोडत नाही. कुठला माणूस समोसे गुणिले चहा करून खातो? हे सगळं हवेतलं आहे. अडीच हजार वर्षं व्यापार चाललाय, लॅग्रांजशिवाय.

विंडोसीट

वाकडी_वाट यांच्यासाठी जमिनीवरचं देतो, तेही कुठल्याही फलनाशिवाय.

२०२५ च्या फेब्रुवारीत रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ झालं. मे महिन्यात बेस्टच्या साध्या बसचं ५ वरून १०. स्टेशनपासून दीड किलोमीटरच्या आत कॉलेज असलेल्या तीन मैत्रिणी घ्या. आधी रिक्षा माणशी ७ रुपये ६७ पैसे आणि बस ५. आता रिक्षा माणशी ८ रुपये ६७ पैसे आणि बस १०. दोन्हींचे भाव वाढले, पण स्वस्त कोण ते उलटलं. दोन्हीत त्यांना फरक वाटत नसेल तर आधी रोज बस, आता रोज रिक्षा. मधलं काही नाही. पुस्तकात याला टोकाचं उत्तर म्हणतात. पोरं ते वगळतात, कारण तिथे वक्र रेषेला नीट टेकत नाही आणि लॅग्रांज यांत्रिकपणे लावला तर भलतंच काहीतरी येतं. एकटीने जाणाऱ्या मुलीला मात्र आजही बसच. तिच्यासाठी गणित उलटलेलंच नाही.

आणि लोकलचा पास! पास काढला की पुढच्या प्रत्येक फेरीची किंमत शून्य. तिकिटाने जाणारा रविवारी दादरला जाताना दहा वेळा विचार करेल, पासवाला करत नाही. पैसे तेच, अंदाजपत्रक रेषेचा आकार वेगळा, वागणूक वेगळी.

फर्स्ट क्लास तर मक्तेदारीच्या धड्यासाठीच बनवल्यासारखा आहे. गाडी तीच, पोचायची वेळ तीच, भाडं कित्येक पट. द्यूपुई नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८४९ मध्येच लिहून ठेवलंय की रेल्वे कंपन्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांवर छप्पर घालत नाहीत ते खर्च वाचवायला नव्हे. दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून.

गिरगावकर

विंडोसीट, छान, पण इथे द्यूपुई तंतोतंत बसवू नका. आपल्या सेकंड क्लासची गर्दी कोणी मुद्दाम घडवलेली नाही. भाडं खर्चापेक्षा खाली ठेवलंय आणि गाड्या मर्यादित आहेत. नफा वाढवायला वर्ग पाडणारी खासगी मक्तेदारी वेगळी, तोट्यात चालणारी उपनगरी सेवा वेगळी. फर्स्टमध्ये सकाळी साडेआठला काय मिळतं? गादी आणि थोडी कमी कोपरं. ती कोपरं कमी का, तर भाडं जास्त म्हणून. जास्त भाडं हीच त्या डब्याची सोय. पॅरिसच्या मेट्रोतही १९९१ पर्यंत असा वरचा वर्ग होता.

एसी लोकलचं उदाहरण मात्र मी जपून वापरेन. ५ मे २०२२ पासून एकेरी तिकीट निम्म्यावर आणलं, पाच किलोमीटरपर्यंतचं ६५ वरून ३०. प्रवासी वाढले. लगेच लवचिकता (भाव बदलला की मागणी किती बदलते ते) काढायला बसू नये, कारण त्याच महिन्यांत ऑफिसं कोविडनंतर पुन्हा भरत होती आणि उन्हाळा होता. 'इतर परिस्थिती कायम' हे तीन शब्द आपण पाठ करतो आणि आकडे दिसले की विसरतो.

माझा विषय पागडी, म्हणजे नाममात्र भाड्याच्या खोलीचा हक्क घेताना मोजलेली एकरकमी रक्कम. गिरगावात याच पद्धतीच्या चाळीत वाढलो, त्यामुळे किंमत नियंत्रणाची आकृती मला भाड्याच्या पावतीवर दिसायची. १९४७ च्या बॉम्बे रेंट ॲक्टने भाडी जवळपास १९४० च्या पातळीवर गोठवली. आकृतीत काय दिसतं? छताखाली मागणी जास्त, पुरवठा कमी, मध्ये टंचाई. परीक्षेत इथे पेन खाली ठेवतात. मुंबईत गोष्ट इथे सुरू होते.

समजा खोलीचं बाजारभाड्याने महिना ३०,००० येईल आणि कायद्याने ३०० आहे. २९,७०० ची दरी हवेत विरत नाही. भाडेकरूच्या हक्कात ती साठते. वर्षाला ३,५६,४०० रुपये, ८ टक्के व्याजाने कायमच्या उत्पन्नाचं आजचं मूल्य काढा: ४४,५५,००० रुपये. हा आकडा म्हणजे पागडी. नवा भाडेकरू ती जुन्याला देतो आणि चालीप्रमाणे मालकाला त्यातला वाटा जातो. कायदा भाड्याला छत घालतो, हस्तांतराला घालू शकत नाही, मग भाव तिथून बाहेर येतो. बराच काळ हे चोरून चालायचं, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेण्या-देण्याला परवानगी दिली.

दुसरी बाजू डागडुजी. ३०० रुपयांत मालक प्लास्टर का करेल? मग दर्जा घसरतो. तोही एक प्रकारे भाव वाढणंच, पैशांऐवजी गळक्या छताने मोजलेला. शेवटी १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर लावावा लागला, तेच 'सेस बिल्डिंग'.

वाकडी_वाट

म्हणजे तुमच्या मते नियंत्रण नको होतं? माझे आजोबा गिरणीत होते. भाडं वाढलं असतं तर लालबाग सोडून जावं लागलं असतं.

गिरगावकर

असं मी म्हटलेलं नाही. आमचंही घर त्याच कायद्याने टिकलं. मायक्रो फक्त दाखवतं की ओझं कुठून कुठे सरकलं: मालकाकडून आत असलेल्या भाडेकरूकडे फायदा, आणि १९७० नंतर मुंबईत आलेल्या, चाळीत शिरकाव न मिळालेल्या माणसाकडे तोटा. तुमचे आजोबा आत होते. बाहेर राहिलेल्याचे नातू या धाग्यावर असतील तर त्यांचं म्हणणं वेगळं असेल. कोणाला झुकतं माप द्यायचं ते मतपेटीने ठरवायचं.

वाकडी_वाट

हे पटलं. निदान समोशांपेक्षा पटलं.

बोरकूट

चिरंजीवांना धागा वाचायला दिला. म्हणतात, "पप्पा, कूर्नो-बर्ट्रांड विचारा."

निळी_शाई

थोडक्यात: कूर्नो १८३८, दोघे विक्रेते किती माल आणायचा ते ठरवतात, भाव मक्तेदारी आणि पूर्ण स्पर्धेच्या मध्ये राहतो. बर्ट्रांड १८८३, दोघे भाव ठरवतात, माल एकसारखा आणि खर्च सारखा असेल तर दोनच विक्रेते असूनही भाव सीमांत खर्चापर्यंत (आणखी एक नग काढायला येणाऱ्या खर्चापर्यंत) कोसळतो. फरक वस्तूत नाही, आधी काय ठरवलं जातं त्यात आहे. प्रतिक्रिया वक्र (दुसऱ्याने अमुक केलं तर आपण काय करायचं, ते दाखवणारा) हाताने काढायला लावा चिरंजीवांना. बघून येत नाही.

काठावर_पास

सगळ्यांचे आभार. पागडीचं गणित वहीत उतरवून घेतलं. ग्रेड बीवाल्यांनाही दाखवलं, दोघं म्हणाले ग्रुपवर टाक.

पंतोजी सर, टोकाचं उत्तर मला अजून नीट कळलेलं नाही. लॅग्रांज 'भलतंच' देतो म्हणजे काय देतो?

पंतोजी_निवृत्त

करूनच बघ. झेरॉक्स आणि इतर खर्च. उपयोगिता = २० × √(झेरॉक्स) + इतर. इतर खर्चाचा भाव १ रुपया, झेरॉक्सचं पान २ रुपये. आधी उत्पन्न १०० घे, मग ३०. दोन्ही वेळा भाव २ वरून २.५० कर आणि स्लट्स्कीप्रमाणे तुकडे पाड. जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात बस, फोन बंद ठेव आणि उत्तर इथे लिही. कॅल्क्युलेटर लागणार नाही.

काठावर_पास

केलं.

उत्पन्न १००: सीमांत अट १० भागिले √(झेरॉक्स) = भाव. भाव २ असताना २५ पानं, ५० रुपये, इतरला ५० उरले. भाव २.५० झाल्यावर १६ पानं. भरपाई साडेबारा रुपये दिली तरी १६ च, कारण अटीत उत्पन्न येतच नाही. म्हणजे ९ पानांची घट सगळी पर्यायता परिणाम, उत्पन्न परिणाम शून्य.

उत्पन्न ३०: अट पुन्हा २५ पानं सांगते, खर्च ५०, मग इतर = उणे २०. हेच ते भलतं! उणे खर्च कसा करणार. म्हणून सगळे ३० झेरॉक्सवर, १५ पानं, इतर शून्य. तिथे एमआरएस (आणखी एका पानासाठी मी किती रुपयांचा इतर खर्च सोडायला तयार आहे ते) १० भागिले √१५, म्हणजे २.५८. भावापेक्षा जास्त. अजून पानं हवी आहेत पण विकायला इतर काही उरलेलंच नाही. भाव २.५० झाला तर १२ पानं. भरपाई साडेसात, हातात ३७.५०, त्यात पुन्हा १५ पानं, आणि २.५८ अजूनही २.५० च्या वर, म्हणून तिथून हलायचं कारण नाही. म्हणजे इथे पर्यायता परिणाम शून्य, ३ पानांची घट सगळी उत्पन्न परिणाम.

सर, फलन तेच, भाव तेच, फक्त खिसा वेगळा आणि उत्तर अगदी उलट. बरोबर आहे ना?

पंतोजी_निवृत्त

बरोबर. पैकीच्या पैकी. आता उत्पन्न ४५ घे. सुरुवातीला टोकावर असशील, भाववाढीनंतर नसशील.

बोरकूट

सर, हे ४५ चं चिरंजीव करताहेत. ताईंनी उत्तर टाकू नये ही विनंती.